एनिॲकच्या आज्ञावलीकार कॅथलीन मॅकनल्टी

आपल्या धर्मग्रामांत आज असे घर विरळाच, ज्यातील एखादा मुलगा, सून वा भाची संगणकाच्या क्षेत्रात नोकरीस नाही. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे तर उत्तर मिळते, ‘तो कॉम्प्युटरवर असतो.’ याहून अधिक काही सांगता येत नाही, यात त्यांचा दोष नाही. सुताराच्या हातात रंधा दिसतो, शेतकऱ्याच्या शेतात पीक दिसते. आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यातही जो विज्ञानासाठी आज्ञावली लिहितो, म्हणजे वादळाची वाट, औषधाच्या रेणूची घडण किंवा पुलावर येणारा भार संगणकाकडून काढून घेतो, त्याचा व्यवसाय तर अधिकच अपरिचित. हा व्यवसाय कोणत्या शिक्षणातून उभा राहिला आणि त्याची पहिली माणसे कोण होती, हे पाहू गेल्यास आपल्याला एका कॅथोलिक घरात, सिस्टरांच्या एका महाविद्यालयात आणि एका व्रतस्थ भगिनीच्या अभ्यासिकेत डोकवावे लागते. हा इतिहास आपल्या वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ. ‘कॉम्प्युटर’ हा इंग्रजी शब्द आरंभी यंत्राचे नाव नव्हता. तो माणसाच्या धंद्याचा शब्द होता. जो गणिते करतो तो कॉम्प्युटर. वेधशाळांत, नौकानयनाच्या कचेऱ्यांत, विमा कंपन्यांत असे गणक शतकानुशतके बसत आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ही जागा मुख्यत्वे तरुण स्त्रियांनी भरून काढली. त्यांच्यापैकीच सहाजणींनी पुढे यंत्राला गणित करण्यास शिकविले. या सहाजणींतील एक कॅथलीन मॅकनल्टी.

डॉनेगॉलहून फिलाडेल्फियाला

कॅथलीन रीटा मॅकनल्टी हिचा जन्म १२ फेब्रुवारी १९२१ रोजी आयर्लंडच्या वायव्येस असलेल्या डॉनेगॉल परगण्यात, क्रीस्लो या गावी झाला. तो आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धाचा काळ. तिचे वडील जेम्स मॅकनल्टी हे आयरिश रिपब्लिकन सेनेत प्रशिक्षणाचे काम पाहत. मुलीचा जन्म झाला त्याच रात्री त्यांना अटक झाली आणि दोन वर्षे त्यांनी डेरीच्या तुरुंगात काढली. सुटका झाल्यावर, १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये, कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली आणि फिलाडेल्फिया शहराच्या चेस्टनट हिल या भागात बिऱ्हाड केले. वडील दगडी बांधकाम करणारे गवंडी झाले. सहा भावंडांत कॅथलीन तिसरी.

अमेरिकेत पाऊल ठेवले तेव्हा या मुलीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. घरची भाषा आयरिश. लहानपणी त्या भाषेत शिकलेल्या प्रार्थना त्यांना वृद्धापकाळापर्यंत तोंडपाठ होत्या. घरात सामवेदी वा वाडवळी बोलायची, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणायची आणि शाळेत तिसऱ्याच भाषेत धडे घ्यायचे, हे आपल्याकडील मुलांनाही नवे नाही. एका भाषेतून दुसरीत जाताना मुलाला शब्दांमागच्या रचनेचे भान लवकर येते, असे आम्हांस वाटते. पुढे यंत्राची भाषा घडविण्याचे काम जिच्या वाट्यास आले, तिच्या बालपणी ही उलाढाल होती, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

सिस्टरांच्या शाळेतील गणित

कॅथलीन प्रथम धर्मग्रामाच्या शाळेत गेली. नंतर फिलाडेल्फियातील हॅलाहन या मुलींच्या कॅथोलिक माध्यमिक शाळेत तिने प्रवेश घेतला. (ही शाळा शतकाहून अधिक काळ मुलींना शिकवून २०२१ साली बंद झाली.) तेथे तिने दोन वर्षे बीजगणित, एक वर्ष प्रतल भूमिती आणि एक वर्ष त्रिकोणमिती व घन भूमिती यांचा अभ्यास केला. त्या काळी मुलीने इतके गणित शिकावे कशासाठी, हा प्रश्न अमेरिकेतही विचारला जात असे.

माध्यमिक शाळेनंतर कॅथलीनने चेस्टनट हिल महाविद्यालयात नाव घातले. संत जोसेफच्या भगिनींनी १९२४ साली स्थापिलेले ते स्त्रियांचे महाविद्यालय. तेथे गोलीय त्रिकोणमिती, विकलन, प्रक्षेपीय भूमिती, आंशिक विकलक समीकरणे, संख्याशास्त्र असे विषय मुलींना शिकविले जात. १९४२ च्या जून महिन्यात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या ९२ मुलींपैकी गणित हा मुख्य विषय घेतलेल्या तिघी होत्या : कॅथलीन, तिची मैत्रीण फ्रान्सिस बायलस आणि आणखी एक. एकीकडे युद्ध पेटलेले, दुसरीकडे तिघींपुढे प्रश्न, की या गणिताचे करायचे काय? शाळेत शिक्षिका होण्याची कॅथलीनला इच्छा नव्हती. विमा कंपनीत विमागणिती व्हावे तर त्याला पुढची पदवी लागे. म्हणून तिने शहाणपणाने जमाखर्च, बँकव्यवहार, व्यापारी कायदा, अर्थशास्त्र हेही विषय जोडीला घेतले होते.

येथे क्षणभर थांबून आपल्या पालकांनी विचार करावा. ज्या भगिनींनी या मुलींना विकलक समीकरणे शिकविली, त्यांच्यापुढे कोणती नोकरी होती? संगणक अस्तित्वातच नव्हता. तो येईल आणि त्याला या समीकरणांची गरज पडेल, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विषय कठीण आहे, खरा आहे आणि मुलींच्या बुद्धीला पेलवतो, एवढ्यावर त्यांनी तो पूर्ण शिकविला. व्यवसाय नंतर चालून आला. आज ‘या विषयाला स्कोप आहे का?’ हा प्रश्न इयत्ता आठवीपासून आपल्या घरांत विचारला जातो, तेव्हा चेस्टनट हिलच्या त्या भगिनींची आठवण होते.

वर्षाला १,६२० डॉलर

पदवी मिळून एक-दोन आठवडे झाले असतील. ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकात सरकारी नोकरीची एक जाहिरात कॅथलीनच्या पाहण्यात आली. गणित विषयात पदवी घेतलेल्या स्त्रिया हव्या होत्या. तिने फ्रान्सिसला कळविले, दोघी मुलाखतीस गेल्या आणि आठवडाभरात त्यांची नेमणूक झाली. पदाचे नाव ‘कॉम्प्युटर’. सरकारी श्रेणी ‘उपव्यावसायिक’, म्हणजे पूर्ण व्यावसायिकाच्या खालची. वार्षिक वेतन १,६२० डॉलर.

काम होते ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर विद्युत अभियांत्रिकी विद्यालयात, पण मालकी लष्कराची. ॲबर्डीन येथील लष्करी प्रयोगशाळेला तोफांसाठी तक्ते हवे असत. तोफेचा कोन किती ठेवला, वारा किती, हवेची घनता किती, यावरून गोळा कोठे पडेल हे गोलंदाजाला तक्त्यात पाहून कळले पाहिजे. एकेका तोफेसाठी असे शेकडो मार्ग आधी काढून ठेवावे लागत. गोळा हवेतून जाताना त्याची गती क्षणाक्षणाला बदलते आणि हवेचा विरोध गतीवर अवलंबून असतो. त्यामुळे एका सूत्रात उत्तर बसत नाही. उड्डाणाचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याअंती गोळ्याचे स्थान व गती काढायची, त्यावरून पुढचा तुकडा घ्यायचा. एका मार्गाला सुमारे ७५० गुणाकार पडत. टेबलावरील यांत्रिक गणकयंत्र हाताशी असूनही एका मार्गाचे गणित पुरे होण्यास ३० ते ४० तास लागत.

या पद्धतीला संख्यात्मक संकलन म्हणतात. गंमत अशी, की महाविद्यालयात इतके गणित शिकूनही ही पद्धत कॅथलीन व फ्रान्सिस यांना कोणी शिकविली नव्हती. त्यांच्या हातात एक पुस्तक देण्यात आले आणि त्या वाचून, एकमेकींना विचारून शिकल्या. मूळचा पाया पक्का असल्यामुळे ते शक्य झाले. विज्ञानासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांचे शिक्षण आजतागायत असेच चालत आले आहे. पदवी भौतिकशास्त्राची, गणिताची वा जीवशास्त्राची असते आणि आज्ञावलीची विद्या काम करता करता, शेजारच्याला विचारून मिळवावी लागते.

दोन-तीन महिन्यांत दोघींची बदली विद्यालयाच्या तळघरातील ‘डिफरन्शियल ॲनलायझर’ या अजस्र यंत्रावर झाली. दांडे, चाके व दंतचक्रे यांनी विकलक समीकरणे सोडविणारे हे यंत्र होते आणि तशी यंत्रे जगात मोजकीच होती. ४० तासांचे काम ते तासाभराच्या आत उरकत असे. तरीही लष्कराची मागणी पुरी होईना. मूर विद्यालयात गणक स्त्रियांची संख्या ८० च्या घरात गेली आणि कामाचा डोंगर वाढतच राहिला.

एनिॲक आणि सहाजणी

त्याच विद्यालयातील प्राध्यापक जॉन मॉकली आणि तरुण अभियंते प्रेस्पर एकर्ट यांनी १९४३ साली एक धाडसी योजना लष्करापुढे ठेवली. हलत्या चाकांच्या जागी निर्वात नलिका वापरून विजेच्या वेगाने गणित करणारे यंत्र बांधायचे. त्याचे नाव एनिॲक. जवळजवळ १८,००० निर्वात नलिका, ३० टनांचे वजन आणि सेकंदाला ५,००० बेरजा! युद्ध संपता संपता ते आकारास आले.

यंत्र बांधणारे अभियंते होते. पण त्याच्याकडून प्रक्षेपमार्गाचे गणित कसे करवून घ्यायचे? १९४५ च्या उन्हाळ्यात या कामासाठी गणक स्त्रियांमधून सहाजणींची निवड झाली : कॅथलीन मॅकनल्टी, फ्रान्सिस बायलस, बेटी स्नायडर, बेटी जीन जेनिंग्ज, मार्लिन वेस्कॉफ आणि रूथ लिक्टरमन. दोघी कॅथोलिक, दोघी यहुदी. एक मिझुरीच्या शेतावर वाढलेली, एक न्यू यॉर्क शहरातली. त्यांना प्रथम ॲबर्डीन येथे पंच कार्डांच्या यंत्रांचे प्रशिक्षण देण्यात आले. परत आल्यावर मात्र एनिॲकच्या खोलीत त्यांना प्रवेश मिळेना. काम गुप्त होते आणि तशी परवानगी त्यांच्याजवळ नव्हती. त्यांच्या हाती देण्यात आले ते यंत्राचे आराखडे. मार्गदर्शक पुस्तिका नाही, आज्ञावलीची भाषा नाही, शिकविणारा गुरू नाही. यंत्र डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच त्यांनी आराखड्यांवरून त्याचे अंतरंग समजून घेतले. अडले तर अभियंत्यांना गाठून विचारले.

आज आज्ञावली अक्षरांत लिहिली जाते. एनिॲकची आज्ञावली तारांत ‘लिहावी’ लागे. कोणत्या भागातून आकडा निघाला, तो कोणत्या भागात गेला, बेरीज कोणत्या क्षणी झाली, हे सारे जाड तारा जोडून आणि हजारो खटके नेमक्या जागी फिरवून ठरवायचे. यंत्राचे अनेक भाग एकाच वेळी काम करीत, म्हणून कोणता भाग कोणाची वाट पाहील याचाही हिशेब ठेवावा लागे. सहाजणी आधी मोठमोठ्या कागदांवर सारा क्रम मांडीत आणि मग तारा हाती घेत. चूक झाली तर ती हजारो नलिकांपैकी एखादी जळल्याने झाली, की आपल्या मांडणीत राहिली, हेही त्यांनाच शोधावे लागे. हा शोध घेण्यात त्या इतक्या तरबेज झाल्या, की नेमकी कोणती नलिका निकामी आहे हे त्या अभियंत्यांना सांगू लागल्या.

कॅथलीन मॅकनल्टी यांच्या नावावर एक विशेष कल्पना नोंदविली जाते. एनिॲकची क्षमता अपुरी आणि प्रक्षेपमार्गाचे गणित लांबलचक, अशी अडचण उभी राहिली होती. यंत्रात ‘मास्टर प्रोग्रॅमर’ नावाचा एक भाग होता. त्याच्या साहाय्याने गणिताचा तोच तुकडा पुनःपुन्हा वापरता येईल, हे प्रथम कॅथलीन यांना सुचले, अशी आठवण बेटी जीन यांनी पुढे सांगितली. आज जगातील प्रत्येक आज्ञावली उप-आज्ञावलींनी बनलेली असते. एकदा लिहिलेला भाग हवा तेथे हाकेसरशी वापरायचा, या रीतीचे बीज त्या खोलीत होते. जपमाळेत एकच प्रार्थना मण्यामण्याला म्हणायची आणि मोजणी माळेवर सोपवायची, या रीतीत वाढलेल्या वाचकांना ही कल्पना समजण्यास अवघड जाऊ नये.

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी एनिॲकचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. पाहुण्यांपुढे प्रक्षेपमार्गाचे गणित करून दाखविण्यात आले. तोफेचा गोळा लक्ष्यापर्यंत पोचण्यास जेवढा वेळ घेतो, त्याहून कमी वेळात यंत्राने त्याचा मार्ग काढला. लोक थक्क झाले. ते गणित यंत्रावर चढविणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र कोणी घेतली नाहीत. त्या रात्री मान्यवरांसाठी भोजन झाले. त्याचे निमंत्रण सहाजणींना नव्हते.

गुपिताचे ओझे

येथे इतिहासाची एक काळोखी बाजूही सांगितली पाहिजे. ती टाळली तर आपण वाचकांशी प्रामाणिक राहणार नाही. एनिॲकवर सोडविलेला पहिला मोठा प्रश्न तोफांचा नव्हता. १९४५ च्या डिसेंबरात लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांनी आणलेले ते गणित उद्जन बाँब शक्य आहे की नाही याविषयीचे होते. यंत्र कसे चालवावे हे शास्त्रज्ञांना या स्त्रियांनी समजावून दिले. समीकरणे कशासाठी आहेत, हे त्यांना सांगितले गेले नाही.

हिरोशिमा व नागासाकीला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. ज्या मुलीचा जन्म एका युद्धाच्या धामधुमीत झाला, तिची पहिली नोकरी दुसऱ्या युद्धाने दिली आणि तिच्या कौशल्याचा उपयोग तिसऱ्याच्या तयारीसाठी झाला. तिला यात दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण प्रश्न उरतोच. सुतार टेबल करतो तेव्हा टेबल कशासाठी आहे हे त्याला दिसते. आज्ञावलीकाराला समोर आकडे दिसतात. आकड्यांच्या पलीकडे कोण आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ साली जागतिक शांततेविषयी विश्वपत्र काढले आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सरसकट संहार करणाऱ्या युद्धाचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. ती शिकवण धर्मगुरूंसाठी जितकी आहे तितकीच यंत्रापुढे बसणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठीही आहे. ‘मला दिलेले काम मी केले’ एवढ्याने विवेकबुद्धीचे समाधान होऊ नये.

तथापि त्याच यंत्राने दुसरेही काही केले. १९४७ साली एनिॲक ॲबर्डीन येथे हलविण्यात आले. १९५० च्या वसंतात ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर हवामानाचा अंदाज गणिताने काढून पाहिला. या कामाच्या आज्ञावलीत फॉन नॉयमन यांच्या पत्नी क्लारा यांचा मोठा वाटा होता. २४ तासांचा अंदाज काढण्यास जवळजवळ २४ तास लागले, तरी मार्ग सापडला. गोळ्याचा मार्ग काढण्याची आणि हवेच्या प्रवाहाचा मार्ग काढण्याची रीत मुळात सारखीच आहे : काळाचे तुकडे पाडा आणि एकेक पाऊल पुढे जा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ आणि २०२४ साली ‘अर्क’ हे महासंगणक बसले, ते याच रीतीने मान्सूनचे गणित करण्यासाठी. समुद्रावर गेलेल्या आपल्या कोळी बांधवांना वादळाची सूचना वेळेवर मिळते, त्यामागे ही परंपरा उभी आहे. तलवारींचे नांगर होण्याचे यशया संदेष्ट्याचे स्वप्न कधी कधी असे, हळूहळू आणि अर्धेमुर्धे, पण खरे होताना दिसते.

संसार आणि विस्मरण

एनिॲकबरोबर कॅथलीनही ॲबर्डीनला गेल्या. ७ फेब्रुवारी १९४८ रोजी जॉन मॉकली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मॉकली विधुर होते, कॅथलीनपेक्षा तेरा वर्षांनी मोठे, आणि त्यांना पहिल्या पत्नीपासून दोन मुले होती. पुढे या दांपत्याला पाच मुले झाली. सरकारी नोकरी सुटली. तरी मॉकली व एकर्ट यांनी बांधलेल्या बायनॅक आणि युनिव्हॅक या पुढील यंत्रांच्या आज्ञावलींच्या कामात कॅथलीन यांचा हात राहिला.

त्यांच्या मैत्रिणींनीही मोठी मजल मारली. बेटी जीन यांनी १९४८ साली एनिॲकला साठविलेल्या आज्ञावलीवर चालणारे यंत्र बनविण्याच्या कामात पुढाकार घेतला. बेटी स्नायडर यांनी पुढे आज्ञावलीच्या भाषा ठरविण्याच्या राष्ट्रीय कामात भाग घेतला. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने ‘फोरट्रान’ ही भाषा तयार केली. शास्त्रज्ञाला आपले सूत्र जवळजवळ गणिताच्या रूपातच यंत्राला सांगता येऊ लागले. तारा ओढण्याचे दिवस संपले आणि वैज्ञानिक आज्ञावलीकार हा स्वतंत्र पेशा जन्मास आला.

त्या सहाजणींचे काय झाले? इतिहासाच्या पुस्तकांतून त्यांची नावे नाहीशी झाली. एनिॲकच्या जुन्या छायाचित्रांत त्या यंत्राजवळ उभ्या दिसत. पण खाली नावे नसत. १९८० नंतरच्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने या स्त्रिया कोण, असे विचारले, तेव्हा तिला सांगण्यात आले, की यंत्र सुंदर दिसावे म्हणून उभ्या केलेल्या त्या तरुणी असाव्यात. जाहिरातीत शीतकपाटाचे दार उघडून दाखविणाऱ्या मुली असतात, तशा! क्लायमन यांचे समाधान झाले नाही. त्यांनी शोध घेतला, हयात असलेल्यांना गाठले आणि त्यांच्या मुलाखती नोंदविल्या. १९९७ साली सहाजणींचा तंत्रज्ञानातील स्त्रियांच्या सन्मानिकेत समावेश झाला. रूथ यांचे निधन १९८६ सालीच झाले होते. तो दिवस त्यांना पाहता आला नाही.

जॉन मॉकली १९८० साली वारले. त्यापूर्वी, १९७३ साली, न्यायालयाने एनिॲकचे एकस्व रद्द ठरविले होते आणि त्यांच्या श्रेयाविषयी वाद माजला होता. पतीच्या आरंभीच्या संशोधनाची बाजू मांडणारा लेख कॅथलीन यांनी १९८४ साली संगणक-इतिहासाच्या एका मान्यवर नियतकालिकात लिहिला. दुसऱ्याच्या श्रेयासाठी त्या लेखणी घेऊन उभ्या राहिल्या. स्वतःच्या श्रेयाची चौकशी इतरांनी करावी लागली. पुढे त्यांनी छायाचित्रकार सेव्हेरो अँतोनेल्ली यांच्याशी विवाह केला. २० एप्रिल २००६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मायदेशाने त्यांची आठवण उशिरा का होईना ठेवली. डब्लिन सिटी विद्यापीठाने २०१७ साली आपल्या संगणक विभागाच्या इमारतीला त्यांचे नाव दिले आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय महासंगणकाला ‘के’ हे त्यांचे लाडके नाव मिळाले.

एका व्रतस्थ भगिनीची पदवी

कॅथलीन यांच्या कथेला शोभेल अशी दुसरी कथा अमेरिकेच्या आयोवा राज्यातील आहे. १८३३ साली डब्लिनहून काही आयरिश स्त्रिया फिलाडेल्फियाला आल्या आणि त्यांनी धन्य कुमारी मारियेच्या प्रीतिभगिनींचा संघ स्थापन केला. त्यांच्या प्रमुख मदर मेरी फ्रान्सिस क्लार्क. दहा वर्षांनी हा संघ डब्यूक या गावी गेला. या संघात १९३२ साली एव्हलिन केलर नावाची, १९१३ साली ओहायो राज्यात जन्मलेली तरुणी दाखल झाली. तिचे व्रतनाम सिस्टर मेरी केनेथ.

सिस्टरांनी शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातून १९४३ साली गणिताची पदवी घेतली, १९५३ साली पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्या शिकवीत राहिल्या. वयाची पंचेचाळिशी ओलांडण्याच्या सुमारास त्या संगणकाकडे वळल्या. १९६५ च्या जूनमध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट दिली. त्या वेळी त्या ५१ वर्षांच्या होत्या. अमेरिकेत संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आणि पहिल्या दोन व्यक्तींपैकी एक. त्यांच्या प्रबंधाचा विषय यंत्राने उदाहरणांवरून नियम कसा शोधावा हा होता. त्यासाठी बीजगणितातील राशींचे विकलन करणारी आज्ञावली त्यांनी फोरट्रान भाषेत लिहिली. आज वैज्ञानिकांच्या संगणकावर जी चिन्हगणिते क्षणात सुटतात, त्यांच्या आरंभीच्या प्रयत्नांत या भगिनीचा प्रयत्न आहे. योगायोग असा, की १९१३ सालीच जन्मलेले येशुसंघीय फादर रोबेर्तो बुसा हे त्याच काळात इटलीत संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची संगणकाच्या साहाय्याने सिद्ध करीत होते.

डॉक्टरेटनंतर मोठ्या विद्यापीठात स्थिरावण्याऐवजी सिस्टर डब्यूकला परतल्या. मदर क्लार्क यांचे नाव असलेल्या छोट्या क्लार्क महाविद्यालयात त्यांनी संगणक विभाग सुरू केला आणि जवळजवळ वीस वर्षे चालविला. संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्या स्त्रियांना त्या आग्रहाने बोलावीत. तान्हे मूल असेल तर ते वर्गात घेऊन या, म्हणत. १० जानेवारी १९८५ रोजी त्या प्रभूच्या घरी गेल्या.

आपल्यासाठी

या दोन जीवनांतून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे? आम्हांस तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, पायाभूत विद्येविषयी. कॅथलीन यांनी ज्या यंत्रांवर काम केले ती सारी संग्रहालयात गेली. फोरट्रानचेही रूप कितीदा तरी बदलले. विकलक समीकरण मात्र जसेच्या तसे आहे. मुलामुलींना संगणकाच्या वर्गाला घालताना आपण त्यांचे गणित आणि विज्ञान कच्चे राहू देत असू, तर वरचा मजला आधी बांधण्यासारखे ते होईल. यंत्राशी बोलण्याची कला काही महिन्यांत येते. यंत्राला काय सांगायचे, हे कळण्यास वर्षे लागतात. अलीकडे यंत्रे स्वतःच आज्ञावली लिहू लागली आहेत. तेव्हा उत्तर बरोबर की चूक हे ओळखणाऱ्याची गरज उलट वाढणार आहे.

दुसरी, मुलींविषयी. तुरुंगातून सुटून परदेशी गेलेल्या एका गवंड्याने आपल्या मुलीला महाविद्यालयात गणित शिकू दिले. आपल्या वाडीतही असे बाप होते आणि आहेत. पण लग्न ठरले की मुलीचे शिक्षण मागे ठेवायचे, मुले झाली की तिने पुन्हा पुस्तक हाती धरायचे नाही, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. ५१ व्या वर्षी डॉक्टरेट मिळविणारी सिस्टर आणि बाळाला मांडीवर घेऊन वर्गात बसणाऱ्या तिच्या विद्यार्थिनी यांच्याकडे पाहून एखाद्या घरात ही रीत बदलली, तर या लेखाचे सार्थक होईल.

तिसरी गोष्ट नावांची. चर्चची इमारत उभी राहते तेव्हा कोनशिलेवर धर्माधिकाऱ्यांचे नाव कोरले जाते आणि ते योग्यच आहे. पण दगड घडविणाऱ्यांची, विटा वाहणाऱ्या बायांची नावे आपण कोठे लिहितो? शाळांत चाळीस-चाळीस वर्षे गणित शिकवून गेलेल्या आपल्या सिस्टरांची आणि शिक्षकांची साधी यादी तरी आपल्या धर्मग्रामांच्या दप्तरी आहे काय? एनिॲकच्या छायाचित्राखाली नावे घालण्यास पन्नास वर्षे लागली आणि तोवर सहाजणींतील एक गेलेली होती. आपल्याकडील जुनी छायाचित्रे पेट्यांतून काढून, त्यांतील माणसे ओळखणारे हयात आहेत तोवर, प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहून ठेवण्याचे काम आपल्या युवक मंडळांना करता येण्यासारखे आहे. त्यास फार खर्च लागत नाही. वर्षभरात एकेका धर्मग्रामाने एवढे केले, तरी ते मोलाचे ठरेल.